मागून न मारलेली हाक

“निघाल्या मानसाला मागून हाक मारू नये. सांगायचंच हाय तर पुढं जाऊन उभं रावं.”

मनस्वीच्या तोंडी हे वाक्य कायम असायचं. कॉलेजातली पोरं हसायची, बसस्टॉपवर मैत्रिणी वैतागायच्या, पण ती कुणाला मागून हाक मारत नसे. वाक्य मुळात तिच्या बापाचं, धर्माचं. धर्मा भरतीच्या वेळा बघून खाडीत होडी घालणारा. त्यानं वल्हं खांद्यावर घेतलं की घर मुकं व्हायचं. कुठे चाललात, कधी येणार, असं कुणी विचारायचं नाही. एखाद्या दिवशी तो भाकरी विसरून निघे. मग लहानगी मनस्वी मागच्या गल्लीनं, गावदेवीच्या देवळाला वळसा घालून, धापा टाकत जेट्टीवर आधी पोचायची आणि भाकरी बांधलेलं फडकं हातात धरून त्याच्या वाटेत उभी राहायची. तो फडकं घ्यायचा. ती बोलायची नाही, तोही बोलायचा नाही. होडी पाण्याला लागायची.

आमचं गाव कोपरखैरण्याच्या मागं, खाडीच्या कडेला. सेक्टर आणि टॉवर नंतर आले, गाव आधीचं. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि तिवरांच्या मुळ्या बोटं वर केल्यासारख्या दिसतात. पूर्वेला कारखान्यांचा पट्टा. संध्याकाळी वारा तिकडून फिरला की गावातल्या बायका कपडे आत घेता घेता सांगत, आज कुठल्या बाजूचा वास आहे. या गावात माणसं नाकानं जगतात. मासळी नाकानं घेतात, पावसाची चाहूल नाकानं लागते, कारखान्यातलं काही बिनसलं तरी आधी नाकाला कळतं.

आणि या गावात मनस्वीला वास येत नव्हता.

साथीच्या ज्या वर्षी गल्ल्यांच्या तोंडाशी आडवे बांबू बांधले होते, त्या वर्षी ती तापानं पडली. उठली. आई जमुनानं गावदेवीला नारळ फोडला. ताप गेला, खोकला गेला, पण नाक परत आलं नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून पोरगी गप्प राहिली. मग इतकं उशिरा कसं सांगायचं म्हणून गप्प राहिली. असं गप्प राहणं एकदा अंगवळणी पडलं की ते घरातल्या खांबासारखं होतं, त्याला वळसा घालूनच माणसं चालतात.

पण भीती होती. घरात पाऊल टाकलं की ती आधी गॅसच्या बटणावर हात फिरवायची. दूध ठेवलं की त्यावरून नजर काढायची नाही. जमुना कोपरखैरण्याच्या बाजारात मासळी विकायची. पाटीतला मासा पुढे करून विचारायची, “बघ गो, हाय ना ताजा?” मनस्वी वाकायची, नाक जवळ न्यायची आणि डोळ्यांनी पाहायची. कल्ले लाल आहेत का, डोळा फुगीर आहे का, कातडीला तकाकी आहे का. “हाय, ताजा हाय,” म्हणायची. चुकली कधी नाही.

ती वाशीच्या एका कॉलेजात एमएस्सीला होती, रसायनशास्त्राला. आणि तिथं एक विचित्र गोष्ट झाली. ज्या बाटल्या उघडल्या की बाकीची पोरं रुमाल धरून पळायची, तिथं ही शांत उभी असायची. ऐरोलीची सई तिची जोडीदार, बाप कुठल्याशा आयटी पार्कात. ती म्हणायची, “मनू, तुझं नाक आहे की एक्झॉस्ट फॅन? मानलं बाबा कोळणीला.” पलीकडच्या टेबलावरचा विपुल म्हणायचा, “वासाची कामं हिलाच द्या, तिला घरची प्रॅक्टिस आहे.” मनस्वी हसायची. वासाची कामं तिलाच मिळायची. दिलीप सरांनीही तिचा शांतपणा पाहिला आणि महापेच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत तिचं नाव सांगितलं. प्रोजेक्ट संपला की तिथं रुजू व्हायचं, असं तोंडी ठरलं होतं. जमुनानं बाजारात सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

तिला काय वाटत होतं ते तिनं पुढे सांगितलं. आपण शूर नाही, आंधळे आहोत, आणि आंधळ्याला सगळे पुढे चालायला सांगताहेत, असं तिला वाटायचं.

प्रोजेक्ट होता फेरोसीनचा. दोन सपाट कड्यांच्या मध्ये लोखंडाचा एक अणू धरलेला, शिंपल्याच्या दोन पाकळ्यांत मोती असावा तसा. नारिंगी रंगाचे स्फटिक होतात. पण त्याआधी एक घाणेरडं काम असतं. डायसायक्लोपेंटाडाईन नावाचा द्रव तापवून फोडायचा. त्याचे रेणू जोडीजोडीनं बसलेले असतात, उष्णतेनं सुटे होतात. सुटा झालेला द्रव बेचाळीस अंशांनाच उकळतो. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो जवळजवळ उठून जायच्या तयारीतच असतो. त्याची वाफ बर्फाच्या पाण्यानं थंड केलेल्या कंडेन्सरमधून नेऊन थेंब थेंब गोळा करायची. ती वाफ हवेपेक्षा जड. निसटली तर वर जात नाही, टेबलावरून, जमिनीवरून सरपटते आणि जिथं ठिणगी भेटेल तिथं पेटते.

“ही वाफ धोका आधी सांगते,” दिलीप सर म्हणाले होते. “तिचा वास इतका वाईट आहे की गळती झाली तर तुम्हाला कळल्याशिवाय राहणार नाही. नाक उघडं ठेवा, बाकी मी आहेच.”

मनस्वीनं मान डोलावली. वहीत तिनं थेंबांच्या नोंदीसाठी एक रकाना आखला.

त्या दिवशी तिनं जमुनाकडून बर्फ आणला. बाजारात मासळीवर घालायचा चुरा, थर्मोकोलच्या पेटीत. हौसेरावांनी पेटी उचलून दिली. हौसेराव प्रयोगशाळेचे परिचर, साताऱ्याकडचे. निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा माणूस. पोरं त्यांना मामा म्हणत.

सईनं पेटी उघडली आणि मागं सरली. “अगं मनू, बर्फाला बोंबलाचा वास येतोय.”

“मग काय, फेरोसीन बोंबलाचं होणार,” विपुल म्हणाला.

“बर्फ बर्फ असतो,” मनस्वी म्हणाली. घरून निघताना तिला तो वास आला नव्हता. आपल्या अंगाला काय वास येतो, तेही तिला ठाऊक नव्हतं.

नळाचं पाणी उन्हानं कोमट येत होतं, म्हणून बादलीत बर्फाचं पाणी करून त्यात कूलरचा छोटा पंप सोडला होता. पंप ते पाणी कंडेन्सरमधून फिरवायचा. पंपाची वायर दाराजवळच्या बोर्डाला. मांडणी काचेच्या शटरमागे, वाफ बाहेर ओढणाऱ्या हुडमध्ये. हुडचा पंखा जुना. आवाज मोठा, ओढ कमी. पंप चालू आहे की बंद, हे त्या आवाजात ऐकू येत नसे.

तेलाचं भांडं तापलं. फ्लास्कमधला द्रव हलू लागला. थर्मामीटरचा पारा चढला आणि बेचाळिसाला थांबला. पहिला थेंब पडला. सई नाक धरून म्हणाली, “माझं डोकं फुटतंय. मी व्हरांड्यात उभी राहू? काही लागलं तर हाक मार.”

“जा ना. मी बसते.”

सई गेली. दिलीप सर शेजारच्या खोलीत तोंडी परीक्षा घेत होते. मनस्वी स्टुलावर बसली. डोळे थेंबावर ठेवले. थेंब पडतोय म्हणजे सगळं ठीक आहे. ते थेंब तिला बापाच्या वल्ह्यासारखे वाटत होते. पाण्यावरून त्याचा आवाज येत राहिला की किनाऱ्यावरच्या माणसानं घाबरायचं नाही.

मग हौसेराव निघाले. गावी पुतण्याचा साखरपुडा होता. खांद्याला बॅग, हातात पिशवी. दोन-चार दिवस नसणार म्हणून ते जाता जाता सगळं बंद करत चालले. इकडचा नळ, तिकडची खिडकी, रिकाम्या टेबलावरचा दिवा. दाराशी पोचले. बोर्डावर हात गेला. दोन बटणं खाली पडल्याचा खट्खट् आवाज झाला. मनस्वीनं मान वळवली. मामा उंबऱ्याबाहेर पडले होते. पाठमोरे. बॅग खांद्यावर, गावाची वाट धरलेली.

तिच्या ओठांवर आलं होतं, मामा, कुठलं बटण दाबलंत?

आलं, आणि तिथंच थांबलं. लहानपणापासून ज्या जिभेला सांगून ठेवलं होतं, ती जीभ हलली नाही. गावी निघालेला माणूस. शुभ कामाला निघालेला. त्याला मागून हाक मारायची? पुढं जाऊन उभं राहायचं, तर उकळता फ्लास्क सोडून उठायचं कसं? पंखाच असेल, ती मनाशी म्हणाली. छताचा पंखा बंद झाला होता खरा. पण एकच पंखा बंद झाला होता आणि खट् दोनदा झालं होतं.

मामांची पावलं जिन्यावरून उतरत गेली. ती पुन्हा थेंबाकडे वळली.

थेंब पडले. मग उशिरानं पडले. मग एक थेंब नळीच्या टोकाशी लोंबत राहिला, लोंबत राहिला आणि पडलाच नाही. तो आकसला. तिनं डोळे चोळून पाहिलं. थर्मामीटर बेचाळिसावर होता. फ्लास्कमधला द्रव खदखदत होता. उकळतोय, म्हणजे वाफ निघतेय. थेंब नाही, म्हणजे वाफ थंड होत नाही. मग ती चाललीय कुठे?

तिनं श्वास ओढला. काही नाही. पुन्हा ओढला, खोल, फुप्फुसं भरून. कोरी हवा, पुसलेल्या पाटीसारखी. तिला एवढंच कळलं की आपण काहीतरी भयंकर आत घेतोय आणि ते आपल्याला सांगत नाहीये.

कंडेन्सरला बोट लावलं. काच कोमट होती.

शटर हात घालायला म्हणून अर्धं वर होतं. त्याच्या खालच्या कडेशी टेबलाची पलीकडची धार तिला थरथरताना दिसली, उन्हात डांबराच्या रस्त्यावर हवा थरथरते तशी. ती थरथर टेबलावरून खाली वाहत होती.

तिच्या पाठीमागं बूट वाजले. विपुल आत आला होता. वितळणबिंदू काढायचा होता त्याला, त्यासाठी बर्नर पेटवायचा होता. सकाळपासून खोलीत थोडाफार वास होताच, त्यामुळे त्याला आत शिरताना नवल वाटलं नसावं. तो तिच्याकडे न पाहता आपल्या टेबलाकडे चालला होता, पाठमोरा. हातात लायटर होता, आणि तो लायटर सवयीनं अंगठ्याखाली फिरवत होता.

मनस्वी उठली. पुढं जाऊन उभं राहायला वाट नव्हती. मध्ये टेबल होतं, आणि टेबलाखालून ती वाफ.

“विपुल!”

हाक इतकी मोठी होती की शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबलं. विपुल गर्रकन वळला.

“पेटवू नको. लायटर खाली ठेव. काही पेटवू नको.”

“काय गं, जीव घेतेस का…” तो म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा बदलला. त्यानं नाकावर हात धरला. “बाप रे. हे काय आहे?”

त्याच क्षणी सई दारात आली आणि तिथंच ओरडली, “मनू, बाहेर ये! अगं केवढा वास!”

मनस्वीनं फ्लास्कखालचा जॅक फिरवून तेलाचं भांडं खाली घेतलं. शटर ओढलं. दिलीप सर आले. कुणी बटणाला हात लावू नका, असं त्यांनी सांगितलं, खिडक्या उघडल्या आणि सगळ्यांना व्हरांड्यात काढलं. काही पेटलं नाही. फ्लास्क शांत झाला. व्हरांड्यात सईनं मनस्वीला भिंतीशी बसवलं.

वास विरल्यावर सर आत जाऊन बोर्ड पाहून आले. “पंप बंद होता,” ते म्हणाले. मग तिच्यासमोर उकिडवे बसले. “खाली गेटपर्यंत वास आलाय. वॉचमन विचारायला आला. तू शटरसमोर बसली होतीस. तुला आला नाही?”

तिनं सईकडे पाहिलं.

“मनस्वी, तुला वास आला नाही?”

“मला येत नाही, सर,” ती म्हणाली. “तापापासून. कुठलाच येत नाही.”

विपुल खाली बघायला लागला. लायटर अजून त्याच्या मुठीत होता. सई हळू आवाजात म्हणाली, “आणि मी तुला आत बसवून बाहेर हवा खात होते. रोज. तू मला एकदा तरी सांगायचं ना गं. मी काय तुला खाल्लं असतं?”

“सांगितलं असतं तर प्रयोगशाळेतलं टेबल गेलं असतं.”

“आणि आज?” सई म्हणाली. “आज विपुल गेला असता.”

दिलीप सर उठले. “गोळा झालेला द्रव थोडा आहे, पण पुरेल. तो ठेवून चालणार नाही. ठेवला की रेणू पुन्हा जोडीनं बसतात आणि सगळं वाया. आजच पुढचं करायचं. सई वास बघेल, मनस्वी डोळ्यानं बघेल, मी उभा आहे. यापुढे हुडपाशी एकटं कुणी बसायचं नाही.” मग मनस्वीकडे वळून म्हणाले, “आणि महापेच्या लोकांना कोण सांगणार? मी की तू?”

“सांगितलं तर घेणार नाहीत.”

“नाहीही घेणार.” त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही.

त्या दुपारी पुढचं काम झालं. कॉस्टिक पोटॅशची पूड, त्यावर तो द्रव, फुग्यातून सोडलेला नायट्रोजन, मग लोखंडाच्या क्षाराचं द्रावण एकेक थेंब. फ्लास्कमध्ये काळपट चिखल झाला, ओहोटीच्या खाडीसारखा. तो बर्फ आणि आम्लावर ओतला तेव्हा त्या चिखलातून नारिंगी गाळ वर आला. सई सारखी विचारत होती, “ठीक आहेस ना?” आणि स्वतःच तिच्या वाटणीचा श्वास घेत होती.

संध्याकाळी तिनं आईला सांगितलं. जमुना पाटी धुत होती. पाटी तशीच ठेवून ती आत गेली, सिलिंडरपाशी, आणि रेग्युलेटरवर हात ठेवून उभी राहिली. पाठमोरी. बराच वेळ.

“मंग मासली कशी वलखायचीस?” तिनं विचारलं.

“डोल्यानी. कल्ले बघून.”

“आनि इतकी वरसा मी तुला घरात एकलीला ठेवून बाजारात जात व्हते.” जमुनाचा आवाज रागाचा नव्हता. जे घडलं नाही ते आता तिला एकेक करून दिसत होतं. त्या दिवसापासून ती बाजाराला निघताना रेग्युलेटर काढून ठेवू लागली. जेवायला बसताना धर्मानं आपलं पान मनस्वीच्या शेजारी मांडलं.

गाळ वाळला, मग तो शुद्ध करायचा दिवस आला. कापूर जसा न वितळता उडून जातो तसंच फेरोसीनही उडतं. भांड्यात गाळ पसरून मंद आच द्यायची आणि वर बर्फानं भरलेला गोल फ्लास्क ठेवायचा. मळ खाली राहतो, शुद्ध ते वर जाऊन थंड काचेला धरतं. बर्फ जमुनानंच दिला, या वेळी पेटी घासूनपुसून. सई, विपुल आणि सर भोवती उभे होते. मनस्वी काचेला डोळा लावून बसली. आधी काही नव्हतं. मग काचेच्या पोटाखाली एक बारीक नारिंगी काडी उगवली. तिच्या शेजारी दुसरी. मग जणू कुणी न दिसता बसून विणत होतं, अशी सुयांची जाळी पसरत गेली, झेंडूच्या रंगाची.

“कापरासारखा वास येतोय गं,” सई म्हणाली आणि लगेच ओठ चावला.

“कसा?” मनस्वीनं विचारलं. “सांग ना.”

“आरतीनंतर ताटाला येतो तसा. पण जरा कडक.”

मनस्वीनं मान डोलावली. तो वास तिला आठवत होता का, हे तिनं कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती महापेला निघाली. सर म्हणाले होते, मी फोन करतो, पण तिनं नको म्हटलं. नोकरीवर घेण्याआधी त्यांच्यासमोर उभं राहून आपण सांगायचं. आधी कॉलेजात येऊन तिनं सईला कपाटाची चावी दिली, ॲप्रनची घडी तिच्या हातात ठेवली. ती फाटकाकडे चालू लागली.

हौसेराव त्याच वेळी गावाहून परतले होते. खांद्यावर तीच बॅग. वॉचमननं त्यांना मागच्या फाटकातच सगळं सांगितलं होतं, कुठलं बटण, कोण आत बसलं होतं, कोण लायटर घेऊन आला होता. ते धावतपळत सईपर्यंत आले, पण मनस्वी पुढच्या फाटकाबाहेर पडली होती.

“हाक मारू?” सईनं विचारलं.

“नको, कामाला निघालीय ती,” हौसेराव म्हणाले. पिशवीत साखरपुड्याचे पेढे होते, त्यांनी पिशवी छातीशी धरली. रस्त्यावर ट्रक चालले होते, न्हावा शेव्याकडचे, लांबलचक. त्यांच्या कडेनं मनस्वी चालत राहिली, बसस्टॉपकडे, मागं न पाहता. ती वळणाआड जाईपर्यंत दोघं फाटकाच्या आत उभी राहिली.